‘उन्हाळी लागली’ म्हणून किती दिवस सोसायचं?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीतून दरवर्षी गाडी नागपूरला जाते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अकोला मागे पडलं तरी मागच्या सीटवरच्या चार-पाच जणी पाण्याच्या बाटलीला हात लावत नव्हत्या. मी माझी बाटली पुढे केली, तर त्यांतली सगळ्यांत म्हातारी आजी म्हणाली, “नको व माय. पाणी पेलं का मंग लघवीले जा लागते. गाडी थांबली तं सारे मानसंच उतरतात, आमी कुठी जाव?”

गाडी थांबली तेव्हा तसंच झालं. माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि दोन मिनिटांत परत आली. बायका खिडकीतून बाहेर बघत बसून राहिल्या. आजीनं सकाळी निघाल्यापासून दीक्षाभूमीच्या गर्दीत रात्र होईपर्यंत एकदाच लघवी केली, हे तिनं मला नंतर सांगितलं. परतल्यावर तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली. “उन्हाई लागली,” म्हणून ती धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिली. सहाव्या दिवशी सून मला बोलवायला आली तेव्हा आजी गोधडीत कुडकुडत होती. अंगात ताप, एका बाजूला बरगडीखाली पाठीत हात लावू देईना, दोन उलट्या झालेल्या. वरून मधुमेहाची पेशंट. जंतू मूत्राशयातून चढत थेट मूत्रपिंडापर्यंत गेले होते. तिला भरती करावं लागलं, सात दिवस सलाईनमधून औषधं घ्यावी लागली. आजी वाचली.

त्या प्रवासाची तयारी आम्हीच केली होती. गाडीचं भाडं ठरवलं, भाजी-भाकरी कोण आणणार ते ठरवलं, निळे झेंडे बांधले, गाणी कोणती लावायची यावर तर अर्धा तास चर्चा झाली. बायका लघवीला कुठे उतरतील हे कुणी ठरवलं नाही. ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई. म्हणून हा लेख इतरांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही.

आधी ‘उन्हाळी’ या शब्दाकडे बघू. घाटावर उन्हाळी म्हणतात, घाटाखाली आपल्या वऱ्हाडी तोंडात त्याची उन्हाई होते. शब्दातच ऊन आहे. अंगात उष्णता झाली म्हणून लघवी जळते, थंड काही घेतलं की उतरेल, असा त्याचा हिशेब. तो अगदीच खोटा नाही. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबलं, घाम गेला, पाणी कमी पडलं, तर लघवी गडद पिवळी होते आणि थोडी जळजळते. सावलीत बसून तांब्याभर पाणी प्यालं, पुन्हा प्यालं, की संध्याकाळपर्यंत ती साफ होते. ही झाली खरी उन्हाळी. पण पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी जळजळ तशीच असेल, दर दहा-पंधरा मिनिटांनी जावंसं वाटत असेल आणि गेलं की चार थेंबच येत असतील, तर ती उन्हाळी नव्हे. तो लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग आहे. दवाखान्यात त्याला यूटीआय म्हणतात. जंतूला धने-जिऱ्याचं पाणी कळत नाही.

हे जंतू येतात कुठून? बाहेरून कुणी देत नाही, ते आपल्याच पोटात असतात. ई. कोलाय नावाचा एक जंतू प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात राहतो आणि तिथे तो काही बिघडवत नाही. तोच शौचाच्या जागेवरून सरकत लघवीच्या वाटेत शिरला की त्रास सुरू होतो. लघवीचे बहुतेक संसर्ग या एकट्या जंतूचे असतात. बाईच्या शरीरात लघवीची नळी जेमतेम चार सेंटीमीटर लांब, आणि तिचं तोंड शौचाच्या जागेजवळ. पुरुषाची नळी साधारण वीस सेंटीमीटर. जंतूला बाईच्या मूत्राशयापर्यंत पोचायला दोन पावलं पुरतात, पुरुषाच्या बाबतीत त्याला गाव ओलांडावं लागतं. म्हणून हा आजार बायकांत इतका जास्त. साधारण दोनांतल्या एका बाईला आयुष्यात कधी ना कधी तो होतोच. म्हणजे तुमच्या घरात सासू, सून, नणंद अशा चौघी असतील तर त्यांतल्या दोघींना तो होऊन गेला असेल किंवा होईल. आणि बहुतेक वेळा एकीचं दुसरीला माहीत नसेल.

न सांगण्याचं कारण लाज, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या लाजेच्या आत एक भीतीही असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नवीन लग्न झालेल्या मुलींना हा त्रास पुष्कळ होतो, कारण संबंधाच्या वेळी बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. मुलगी सासरी आलेली, आठ दिवसांत लघवीला जळजळ. ती कुणाला सांगणार? सांगितलं तर सासरचे म्हणतील, “माहेराहून रोग घेऊन आली.” एका मुलीला नवऱ्यानं असंच विचारलेलं मी ऐकलं आहे, माझ्यासमोर. मी त्याला खुर्चीवर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. हा गुप्तरोग नाही. नवऱ्याकडून बायकोला किंवा बायकोकडून नवऱ्याला लागत नाही. बाईच्या चारित्र्याशी त्याचा संबंध तिच्या उंचीशी असेल तेवढाच. संबंधानंतर उठून लघवी करून यावं, शक्य असेल तर पेलाभर पाणी प्यावं, इतकंच. त्यासाठी घरात रात्री उठून जाता येईल अशी जागा मात्र हवी.

आता लक्षणं, कारण अर्धी लढाई ती वेळेवर ओळखण्यात आहे. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तेव्हा लघवी करताना आग होते, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आली की थांबवता येत नाही, ओटीपोट जड होऊन दुखतं, लघवी गढूळ दिसते, वास उग्र येतो, कधी रक्ताची लाली दिसते. यात सहसा ताप नसतो. इथे गाठलं तर तीन, पाच किंवा सात दिवसांच्या गोळ्यांत काम होतं. किती दिवस ते औषधावर आणि पेशंटवर अवलंबून असतं, डॉक्टर सांगतील तितके. पण थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला पाठीत दुखायला लागलं, मळमळ-उलटी सुरू झाली, तर संसर्ग मूत्रपिंडात गेला असं समजायचं. मग उद्या सकाळची वाट बघायची नाही. रिक्षा, मोटारसायकल, शेजाऱ्याची गाडी, जे मिळेल त्यानं त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, नाहीतर १०८ ला फोन करायचा.

म्हाताऱ्या माणसांत जळजळीची तक्रार नसतेही. ताप येतो, माणूस एकाएकी असंबद्ध बडबडू लागतो, ओळखीच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात वय झालं. लहान लेकरू सांगू शकत नाही. त्याला कारण न कळणारा ताप येतो, ते खात नाही, लघवी करताना रडतं, किंवा अंथरूण ओलं करणं सुटलेलं पोरगं पुन्हा करू लागतं. त्याला मारू नका, त्याची लघवी तपासा. आणि पुरुषांनो, तुम्हांला हा त्रास झाला तर तो साधा समजू नका. तुमच्यात तो सहज होत नाही, म्हणून झाला की मागे मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा मधुमेह आहे का ते शोधावं लागतं.

पोटुशीच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते. शंभर गरोदर बायकांपैकी दोन ते दहा जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. आग नाही, दुखणं नाही. उपचार केला नाही तर त्यांच्यातल्या अनेकींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि दिवस भरण्याआधी कळा येण्याचा, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. म्हणून गरोदरपणात लघवीची तपासणी चुकवायची नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आशाताई बोलवायला आली की “मले काई होत नाही” म्हणून तिला परत पाठवू नका. त्रास होत नाही तेव्हाच तर तपासायचं असतं.

आणखी एक गोंधळ मी रोज बघते, तो म्हणजे पांढरं जाणं आणि लघवीची आग यांचा. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, पण ते दोन वेगळे आजार आहेत, वाटा वेगळ्या, औषधं वेगळी. लघवीची वाट वेगळी आणि गर्भपिशवीची वाट वेगळी, हे आपल्यातल्या चार लेकरं झालेल्या बायकांनाही कुणी सांगितलेलं नसतं. या अज्ञानाची किंमत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी मोजली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तिथल्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यांतल्या कितीतरी तरुण होत्या. ओटीपोटात दुखतं, अंगावरून जातं, पुन्हा पुन्हा संसर्ग होतो, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला पिशवीच काढायचा सल्ला मिळाला. फडात ना आडोसा ना पाणी, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. आपल्या जिल्ह्यातूनही लोक ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, त्यामुळे हे बीडचं म्हणून सोडून देता येणार नाही. लघवीला आग होते म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगितली तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जा, सरकारी दवाखान्यात जा. पिशवी काढून लघवीचे जंतू जात नाहीत.

उपचाराचं आपल्याकडे काय होतं? पहिल्या दिवशी सब्जा, ताक, खडीसाखर. त्यानं नुकसान नाही, पोटात पाणी जातं तेवढा फायदाच. चौथ्या दिवशी मेडिकलवर. तिथे पोरगा एक गोडसर औषधाची बाटली देतो. तिनं लघवीचा आंबटपणा कमी होऊन आग शमते, जंतू मरत नाही. बाईला वाटतं बरं झालं. आठ दिवसांत पुन्हा सुरू. मग त्याच मेडिकलवरून दोन गोळ्या, “स्ट्राँग” म्हणून. दोन गोळ्यांत आग थांबते, बाकीच्या गोळ्या डब्यात ठेवल्या जातात, पुढच्या वेळी जावेला देतात. असं करून आपण जंतूला औषध ओळखायला शिकवतो. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या एके काळी हमखास चालणाऱ्या गोळ्या. आज ई. कोलायवर त्यांचा परिणाम फार कमी झाला आहे, हे आयसीएमआरच्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आहेत. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तो कुठे किती पाळला जातो ते तुम्हांला-मला माहीत आहे.

आणि ती दुखण्याची सुई! कमरेत दुखतं म्हणून गावातल्या ‘डॉक्टर’कडून सुई टोचून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निंदणाला जायचं. अंगात पाणी कमी, मूत्रपिंडात संसर्ग, आणि वरून वेदनाशामक. यानं मूत्रपिंडावर दुहेरी मार पडतो. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या गावांत, मूत्रपिंडाचे पेशंट किती आहेत हे वेगळं सांगायला नको. तिथल्या पाण्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो या संसर्गाहून वेगळा आहे, दोन्हींची सरमिसळ करू नये. पण खारट पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून बाई कमी पिते, कमी प्यायली म्हणून लघवी कमी होते, आणि दुखलं की सुई घेते. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला हे परवडणारं नाही.

करायचं ते फार अवघड नाही. पहिली गोळी घेण्याआधी लघवीची तपासणी. जागा पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची. डबी घरची नको, लोणच्याची तर नकोच, दवाखान्यातून मिळते ती घ्यायची. साध्या तपासणीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. त्रास वारंवार होत असेल, ताप असेल, बाई गरोदर असेल किंवा मधुमेह असेल, तर कल्चर करायला सांगायचं. त्यात लघवीतला जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघतात, दोन-तीन दिवस लागतात. मग दिलेला कोर्स पूर्ण, आग थांबली तरी पूर्ण. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते, कारण या विषयावर बायकांना इतकं सुनावलं जातं की त्या आजारापेक्षा भाषणालाच घाबरतात. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. मुलींना लहानपणीच शिकवा. आतल्या जागेला साबण, डेटॉल, सुगंधी पाणी काही लावायचं नाही, साधं पाणी पुरे. पाळीत कापड किंवा पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, कापड उन्हात वाळवायचं, पलंगाखाली नाही. हे सगळं करूनही संसर्ग होऊ शकतो. झाला म्हणजे बाई अस्वच्छ, असं कृपा करून म्हणू नका.

माझ्या मते खरं दुखणं वेगळीकडे आहे. लघवी रोखल्यानं जंतू जन्माला येत नाहीत, पण आत शिरलेले जंतू बाहेर फेकायचं काम लघवीच करते. ती सहा-सहा तास अडवून धरली की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. पाण्याचंही तसंच. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार हा संसर्ग होणाऱ्या १४० बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींना वर्षभर रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. त्यांचे संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. औषध नाही, गोळी नाही, फक्त पाणी. (मूत्रपिंड किंवा हृदयाच्या पेशंटनं मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारूनच ठरवावं.)

हे मी वस्तीच्या बैठकीत सांगितलं तर एक कापूस वेचणारी बाई उठून म्हणाली, “ताई, पाणी मी पीन. मुताची जागा तू दाखव.” मला उत्तर देता आलं नाही. सात वाजता वावरात गेलेली बाई सूर्य मावळायला घरी येते. दिवाळीनंतर पऱ्हाटीची पानं झडली, सोयाबीन निघालं, की वावर उघडं पडतं. मालक धुऱ्यावर उभा असतो. वस्तीत घरोघरी संडास झाले, पण पाणी नाही म्हणून कित्येकांत सरपण भरलेलं आहे. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. ते असतं, आणि त्याला कुलूप असतं. सातवी-आठवीतल्या मुली घरून निघताना पाणी पीत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. रोजगार हमीच्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी लिहिली गेली, बाईच्या आडोशाचं लिहायचं राहून गेलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. ते पाणी आज आपल्या ओंजळीत आहे, आणि आपली बाई लघवी लागेल म्हणून ते पीत नाही.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस एकाएकी गळाले, तेव्हा आयसीएमआरचं पथक आलं, टीव्हीवाले आले. यायलाच हवे होते, त्या लोकांवर मोठं संकट होतं. पण टक्कल दिसतं. जळणारी लघवी दिसत नाही, आणि जिची जळते ती बोलत नाही. तिच्यासाठी कोणतं पथक येणार?

मुंबईत बायका बोलल्या. २०११ साली कोरो आणि तिच्यासोबतच्या संघटनांनी ‘राईट टू पी’ नावाची मोहीम सुरू केली. मुमताज शेख यांच्यासारख्या वस्तीतल्या कार्यकर्त्या त्यात पुढे होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता, पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हे का? सुरुवातीला अधिकारी हसले, नाव उच्चारायला लाजले. बायकांनी ते नाव बदललं नाही. पुढे २०१५ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर निकाल दिला. स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह हा बाईच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भाग आहे, असं त्यात म्हटलं. तो खटला महापालिकांविषयीचा होता, पण कलम २१ महापालिकेच्या हद्दीवर संपत नाही. नगर परिषद, ग्रामपंचायत, आठवडी बाजार, बसस्टँड, सगळीकडे हा निकाल हातात घेऊन अर्ज करता येतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या विहाराकडे बघू. आपल्या भागातली किती विहारं आठवतात, ज्यांच्या आवारात बाईला जाता येईल अशी, दार लागणारी, आत पाणी असलेली लघवीची जागा आहे? मला जी माहीत आहेत ती मोजायला एका हाताची बोटं उरतात. संगमरवरी फरशी आहे, पंचधातूची मूर्ती आहे, साउंड सिस्टिम आहे. वर्षावासात ग्रंथवाचन रोज दोन-अडीच तास चालतं. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका, त्यांतल्या बऱ्याच साठीच्या पुढच्या. त्या मधूनच उठून जातात, त्याला आपण ‘बायकांचं ध्यान नसते’ म्हणतो.

तथागतांनी या गोष्टीकडे तोंड फिरवलं नव्हतं. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भिक्खू शौचकुटीत ज्येष्ठतेच्या क्रमानं जात. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत, रोखून धरत, आणि रोखता रोखता मूर्च्छा येऊन पडत. हे भगवंतांच्या कानावर गेलं. त्यांनी ज्येष्ठतेचा क्रम मोडला आणि नियम केला, जो आधी येईल तो आधी जाईल. त्याच चुल्लवग्गात लघवीच्या जागेचाही विचार आहे. आवारात कुठेही लघवी करतात, वास येतो, म्हणून एक जागा ठरवून दिली. बसायला त्रास होतो, म्हणून पाय ठेवायला पादुका. उघड्यावर लाज वाटते, म्हणून भोवती भिंत, आणि ती विटांची, दगडाची की लाकडाची, इथपर्यंत. ज्या धम्मात आडोशाची भिंत कशाची असावी याची नोंद आहे, त्या धम्माच्या विहारात बाईनं उकिरड्यामागे जायचं?

माझं म्हणणं जयंती मंडळांना आवडणार नाही, पण १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेच्या आधी मिरवणुकीच्या मार्गावर बायकांसाठी तात्पुरतं स्वच्छतागृह उभं राहिलं पाहिजे. एप्रिलचं ऊन, चार-पाच तासांची मिरवणूक, जागोजागी पाण्याचे स्टॉल. पाणी वाटायचं आणि पुढची सोय करायची नाही, हे अर्धंच काम झालं. ६ डिसेंबरला मलकापूर, नांदुरा, शेगावहून दादरला जाणाऱ्यांनीही निघण्याआधी हा विचार करावा. आमच्या नागपूरच्या गाडीचं आम्ही गेल्या वर्षी ठरवून टाकलं. दर दोन तासांनी गाडी थांबेल, पंप आधी फोन करून विचारलेले असतील, आणि आधी बायका उतरतील. गाडीला पाऊण तास उशीर झाला, दोघे-तिघे कुरकुरले. आजी आली होती. तिनं बाटली स्वतःची आणली होती.

विहाराच्या संडासाचं मात्र अजून अडलेलं आहे. जागा आहे, विटा एकानं दान द्यायच्या कबूल केल्या आहेत, नळ घेता येतो. बैठकीत प्रश्न आला, साफ कोण करणार? सगळे एकदम गप्प झाले. त्या गप्प होण्यामागे काय आहे ते मला समजतं. पिढ्यान्‌पिढ्या घाण आपल्याच माथी मारली गेली, ती टाकून आपण उभे राहिलो, आता पुन्हा हातात झाडू कुणी घ्यायचा? पण मग आपला संडास साफ करायला दुसऱ्या कुठल्या जातीचा माणूस शोधायचा काय? मी पाळी लावायची सूचना केली, घरटी एक दिवस, बाई आणि बुवा दोघांची नावं यादीत. यादी विहाराच्या फळ्यावर लावली आहे. पहिलं नाव माझं, दुसरं अध्यक्षांचं. ते अजून हो म्हणाले नाहीत, पण नाव पुसलंही नाही.